टेपचं दुसरं टोक

तुमच्या पाड्यावरचा रस्ता, शाळेची खोली, ओहोळावरची मोरी मोजली गेली, तेव्हा टेपचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं? आठवत नसेल तर मी सांगते. ते ठेकेदाराच्या माणसाच्या हातात होतं, कारण तिथे तोच एकटा हजर होता.

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो जयवंत तांडेलसाहेबांनी माझ्या हातात दिला, अगदी अक्षरशः. दीड महिन्यापूर्वी, मसोलीच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत उभी असताना चिंचणीहून फोन आला... साहेब पहाटे झोपेतच गेले. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या हातातलं पत्रक दुसऱ्याच कुणाबद्दल होतं. साहेबांबद्दलचं मी तीन वर्षं लिहायचं ठेवलं होतं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडिलांच्या सभांची उरलेली पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले, त्यामुळे साहेब म्हटला की तो अडवणारा, हे मला बाराखडीबरोबरच पाठ झालं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्यावर ओहोळावर मोरी बांधून झाली. पलीकडे शाळा, अलीकडे पाडा. ठेकेदार म्हणत होता काम पुरं झालं. बांधकाम विभागाचे अभियंता तांडेल पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करत नव्हते. मला एवढंच पुरेसं होतं. ‘मोरी अडवणारा साहेब कोण?’ असं पत्रक मी लिहिलं, आठवडी बाजारात वाटलं, अच्छाडच्या ढाब्यांच्या भिंतींवर चिकटवलं. सही कशासाठी थांबली असेल, हे वाचणाऱ्यानं ओळखावं अशी शेवटची ओळ होती. त्या ओळीवर मी फार खूश होते.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. आवाज शांत. “पत्रकवाल्या बाई, उद्या दहाला मोरीवर या. टेप धरायला माणूस कमी आहे.”

गेले. भांडायच्या तयारीनंच गेले. बुटका, उन्हानं काळवंडलेला माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओहोळात उभा होता. त्यानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि सिमेंटच्या नळ्याच्या तोंडावर धरायला सांगितलं.

“किती?”

“साठ सेंटिमीटर.”

“अंदाजपत्रकात नव्वद आहे.” कागद माझ्यासमोर धरून ते म्हणाले, “पत्रक लिहिण्याआधी तुम्ही इथं आला होतात का?”

मी नाही म्हणाले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काठावर पाड्यावरची सोनीबाई उभी होती. तिची मुलगी पलीकडच्या शाळेत जायची. ती म्हणाली, “सायेब, सही करून टाक ना. पानी येल तवा बघू.”

“सही केली की ठेकेदार गेला, सोनीबाई. मग पाणी आलं तर तूच बघशील, तो नाही.”

“आन नाय केली तर?”

“तर एक पावसाळा तुला त्रास. खोटं नाही सांगत.”

आणि झालं तसंच. ऑगस्टमध्ये ओहोळ मोरीवरून वाहिला, पोरांची शाळा कितीतरी दिवस बुडाली. सोनीबाईनं साहेबांना दिलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. बदलीच्या धमक्या आल्या, वरून फोन आले, आणि प्रत्येक फोनवर माझ्या पत्रकाचा दाखला दिला जात होता. माझं पत्रक ठेकेदाराच्या खिशात होतं! तरी सही झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात नळे उखडले गेले, नव्वदचे बसले. त्या दिवशी टेप सोनीबाईनं धरली. नळ्यात वाकून आत शिरली आणि आतूनच ओरडली, “सायेब, आता सरपंचाचं पोट पन जाल यातून!” शेजारी उभे असलेले सरपंचही हसले.

सही करण्याआधी साहेबांनी मोजमाप पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: टोक धरले, सोनीबाई. त्यासाठी पुस्तकात रकाना नाही, म्हणून वरिष्ठ त्यांना दर वेळी बोलायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की म्हावऱ्याचे वाटे घालणारा आपला वाटा शेवटी उचलतो. म्हणून वाटे सारखे पडतात. ज्याला फायदा, त्याच्या हातात माप द्यायचं नाही. बस.”

त्याच दिवशी मी त्यांना म्हणाले, चुकले, दुसरं पत्रक काढते. ते म्हणाले, “काढा. घाई नाही.” मला खरंच घाई वाटली नाही. आरोप करायला मला एक रात्र लागली होती. माफीसाठी वेळ मिळेना. ढाब्यावरचं ते पत्रक ऊन-पावसानं फाटेपर्यंत तिथंच होतं, आणि साहेब रोज त्याच रस्त्यानं जायचे...

परवा चिंचणीला त्यांच्या घरी गेले. पडवीत खुंटीवर जाळं, आणि त्याच खुंटीला पिवळी टेप. टोकाची पितळी कडी घासून गुळगुळीत झालेली, इतक्या हातांनी. साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी, ती काढून माझ्या ओंजळीत ठेवली. “तुमचं पत्रक त्यांनी जपून ठेवलं होतं. म्हणायचे, पोरगी लिहिते चांगलं, फक्त आधी मोजायला हवं.”

तर साहेब, हे ते दुसरं पत्रक. उशीर झाला.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गावात पुढचं काम मोजायला साहेब येतील, त्या दिवशी मजुरीचा अर्धा दिवस बुडाला तरी घराबाहेर या. ठेकेदाराच्या माणसाला बाजूला व्हायला सांगा आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरा. आकडा मोठ्यानं वाचा. मग समासात तुमचं नाव लिहायला सांगा, पेन्सिलीनं का होईना.