फा-जेनं न ओळखलेला स्वेटर

क्वोक शुई-फाला आम्ही सगळ्या फा-जे म्हणायचो, म्हणजे फाताई. हाँगकाँगला क्वुन टाँगच्या स्वेटर कारखान्यात ती माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायची. धडाला बाह्या आणि गळा जोडायचं आमचं काम. एकेक टाका सुईवर चढवायचा, डोळे दुखेस्तोवर. फा-जेचा हात हलका, जीभ मात्र तिखट. "तुझ्या बाहीत म्हैस शिरेल," हे मला रोजचं ऐकणं.

एका वर्षी युरोपवाल्यांना संशय आला, की आमच्या नावावर सीमेपलीकडचा, चीनमधला माल त्यांच्याकडे जातोय. किती माल घ्यायचा याचा कोटा त्यांनी बांधून दिलेला. माल इथेच बनतो हे पटलं नाही, तर कोटा बंद आणि आम्ही ऐंशी जणी घरी. माझा नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात दोन मुली. तपासणीला त्यांचा साहेब यायचा ठरला.

पाहुणा येणार म्हणून आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर कारखाना लख्ख केला. लोकरीचा कण दिसू दिला नाही, यंत्रं पुसून झाकली, टेबलावर संत्री मांडली. साहेबानं चौफेर पाहिलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, "इथं काम कधी चालतं?" मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब आपली बॅग घेऊन गोदामात गेला आणि सहा स्वेटर घेऊन आला. "कोणते कुणी जोडले, सांगा."

फा-जे पुढे झाली. स्वेटर उलटे करून जोडावरून बोट फिरवू लागली. "हा माझा. हा कोपऱ्यातल्या पोरीचा, गळ्याशी टाका ओढते ती. हा हिचा, बघा किती ढिला." ढिला म्हणजे माझा. साहेब मालाच्या चिठ्ठ्यांवरचे आमचे नंबर ताडून बघत होता. पाच बरोबर आले. सहावा तिनं दोनदा पाहिला.

"हा आमच्यातल्या कुणाचा नाही."

मी मागून तिचा सदरा ओढला. "फा-जे, आपलाच म्हण ना. बुडवतेस का सगळ्यांना?"

"दुसरीच्या हातचं काम आहे ग. आपलं कसं म्हणू?"

साहेब पहिल्यांदाच हसला. सहावा स्वेटर त्यानं आम्हाला पारखायला स्वतःच्या बॅगेतून काढून त्यात मिसळला होता.

कोटा राहिला. माझं यंत्र पुढे अकरा वर्षं चाललं. नवऱ्याचं औषधपाणी, मुलींच्या शाळा, सगळं त्यावर झालं, आणि ते फा-जेमुळे झालं. पण त्या दिवशी मी तिला खोटं बोलायला सांगत होते, हे तिनं पुढे चेष्टेतही कधी कुणापाशी काढलं नाही. तिचे हे उपकार मला जास्त मोठे वाटतात.