मास्तरची दुसरी कूस

जनावरांच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे अंधारबाई म्हणत. खोलीत अंधार, पंखा बंद, आणि कुणी हूं की चूं केलं तर बाई अशा डोळे वटारत की टेबलावरचा कुत्रासुद्धा शेपूट घाली. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आवडतही होतं. त्यांचा एक हट्ट मात्र सगळ्यांच्या जिवावर येई. पोटात गाठ सापडली तरी त्या थांबत नसत. जनावराला दुसऱ्या कुशीवर वळवायचं आणि काही सापडलंच नाही असं धरून पुन्हा पहिल्यापासून बघायचं. एक गाठ सापडली की डोळे आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या दुपारी टेबलावर मास्तर होता. हा त्यांच्या थोरल्या भावाचा म्हातारा कुत्रा. पिल्लू असल्यापासून चेहरा असा करडा, की वहिनीने बघताक्षणी हेच नाव ठेवलं. वहिनी गेल्यापासून दादा घरात बोलायचा तो फक्त त्याच्याशी. आणि आता मास्तरने अन्नाला तोंड लावणं सोडलं होतं.

यकृताच्या डाव्या भागात लिंबाएवढी गाठ दिसली. कडा स्वच्छ, मोठ्या रक्तवाहिनीपासून लांब. बाईंच्या जिवात जीव आला. अशी गाठ कापून काढता येते. त्यांनी तसं सांगताच दादाने डोळे पुसले, आणि दवाखान्याच्या सर्जननी फोनवर उद्या सकाळची वेळही देऊन टाकली.

"चल, उतरवतो याला," दादा म्हणाला. "दमलाय बिचारा."

बाईंचा हात मास्तरच्या पोटावर तसाच राहिला. आज राहू दे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. कोण विचारणार होतं?

"वळव त्याला, दादा."

"अगं, सापडली ना गाठ? कशाला उगाच छळतेस?"

"वळव म्हणते ना!"

उजवीकडे, मोठ्या रक्तवाहिनीला अगदी खेटून, बोराएवढा डाग होता. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी पुष्कळदा असतात, हे खरं. खात्री करायची तर एक औषध टोचावं लागतं. त्याने पडद्यावर सगळं यकृत उजळतं. थोड्या वेळाने साधी गाठ आजूबाजूसारखीच उजळ राहते, कर्करोगाची बहुधा काळी पडते.

मास्तरच्या पायात सुई गेली. यकृत उजळलं, आणि त्या उजेडात डाग पार दिसेनासा झाला.

"चांगलं आहे ना गं?" दादाने विचारलं.

"थांब."

असाच राहा, असाच राहा, बाई मनात घोकत होत्या. परक्यांच्या कुत्र्यांसाठी त्यांनी असं कधी घोकलं नव्हतं, त्याची त्यांना लाजही वाटली. मास्तर धापा टाकत होता. दादा त्याचा कान चोळत होता आणि बहिणीच्या तोंडाकडे बघत होता. मग कडेचा एक ठिपका मंदावला. बाईंनी हात जरा हलवून पुन्हा पाहिलं. मधला भागही विझत चालला होता. बघता बघता डाग काळाकुट्ट झाला.

"दादा, उद्याचं ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "आणखी एक आहे. तिला हात लावायला गेलं तर तो टेबलावरच जाईल. ती ठेवून नुसती पहिली काढण्यात अर्थ नाही."

कान चोळणारा दादाचा हात थांबला.

"तू वळवलंच नसतंस तर?"

"तर राहिलेले दिवस त्याने टाके सोसण्यात घालवले असते. आणि तरी गेलाच असता."

"पण तेवढे दिवस मला वाटलं असतं ना, की हा वाचला!"

बाईंनाही तेच हवं होतं, आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं. दादाने मास्तरला उचलून छातीशी धरलं. दार उघडताना तो थांबला, मागे न बघता म्हणाला,

"संध्याकाळी घरी ये. त्याच्याजवळ मला एकट्याला नाही बसवणार."