प्रेमिलाबाईंचा फया

प्रेमिलाबाईंना पहिलीच हवी होती. दुसरी नको, चौथी नको, पहिली! बाकीच्या मास्तरणी पहिलीचं नाव काढलं की कपाळाला हात लावायच्या. नाकं पुसा, रडणी ऐका, कोणी सांगितलंय! पण ही बाई नोकरीला लागल्यापासून हेडमास्तरांच्या मागे हात धुऊन लागली होती. आणि महादेवराव हेडमास्तरांचं उत्तर दर वर्षी तेच. "पहिलीत भाषेचा पाया घालायचा असतो, बाई. तिथे उच्चार शुद्ध पाहिजेत. उत्तराबाई आहेत ना."

घ्या! म्हणजे काय, ते न कळायला प्रेमिलाबाई दूधखुळ्या नव्हत्या. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या गिरणी कामगाराची लेक. घरी डोळ्याला डोया म्हणत, गुळाला गुय आणि शाळेला शाया. नागपुरातल्या निम्म्या घरांत ळचा य होतो, त्यात लाजायचं काय? महादेवराव स्वतः कुहीकडच्या खेड्यातले, तिथेही हाच य. पण त्यांच्या बोलण्यात कुही औषधालाही सापडायची नाही.

या हट्टाचं मूळ छप्पन सालात होतं. त्या वर्षी बाप आनंदराव सगळ्या घराला पांढरे कपडे घालून दीक्षेला घेऊन गेला. परतताना सहा वर्षांच्या प्रेमिलेला खांद्यावर बसवून म्हणाला, "आता मान वर करून बोलाचं, पोरी." पोरीनं ऐकलं. दिवाळीनंतर डोळे आले, तर पहिलीच्या वर्गात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, माहा डोया दुखून राहिला!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईही हसल्या, आणि घंटा होईपर्यंत तिला "डोळा" म्हणायला लावलं. दर वेळी डोयाच बाहेर यायचा. मग पोरीनं तोंडाला कुलूप लावलं ते वर्ष संपेपर्यंत. पुढे नळावर पाणी भरताना, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, तिनं ळ घोटून घोटून जिभेवर बसवला. पण ते मुकं वर्ष काही परत आलं नाही. दुसऱ्या कुठल्या पोरीचं तसं जाऊ नये, म्हणून पहिली हवी होती.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये हेडमास्तर जरा विरघळले. "वर्ग तयार करा. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पाहीन. पटला तर तुमचा, नाही तर उत्तराबाईंचा."

बाईंनी पदर खोचला. खोलीची दशा काय सांगावी! सुटीत कबुतरांनी तिथे संसार थाटला होता. शाळेची चपराशीण बायजाबाई हिला हाताशी घेऊन त्यांनी जाळी झाडली, टाटपट्ट्या बडवून उन्हात टाकल्या, भिंतींना चुना दिला. मग गेरू कालवला आणि भिंतीवर अक्षरं काढायला जमिनीवर फतकल मारली.

"काहून वं बाई, इतल्या खाली लिवून राहिली?"

"पोट्टे कुठं बसतीन, बायजाबाई? खालीच नं? मग त्याइचे डोये का छताले राहतीन?"

"हे बी खरंच हाये," म्हणत बायजाबाईनं गेरूचं डबडं पुढे सरकवलं.

फळा तर पार पांढराफटक पडला होता. टॉर्चचे संपलेले सेल फोडून त्यांची काळी पूड काढली, तोंडलीचा पाला वाटून तिच्यात मिसळला आणि दोघींनी फळ्याला हात दिला. कोपरापर्यंत काळ्या झाल्या. शेवटच्या दुपारी वरचा भाग वाळला, खालचा अजून ओला होता. वाळलेल्या भागावर बाईंनी दोन ओळी लिहिल्या. वर लिहिलं, घरी: डोया, गुय, फया. खाली लिहिलं, शाळेत: डोळा, गूळ, फळा.

महादेवराव आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. भिंती पाहिल्या, मान डोलावली. टाटपट्ट्या पाहिल्या, "वा" म्हणाले. फळ्यापाशी आले आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? अशुद्ध भाषा फळ्यावर?"

"अशुद्ध नाही, सर. घरची आहे."

"पुसा ती."

"सर, पोरगी घरून डोया घेऊनच येणार. तो दाराबाहेर ठेव म्हटलं, तर ती तोंडच बाहेर ठेवून येईल. मी ठेवलं होतं. ळ मी तिच्याकडून पक्का करून घेईन, पण हसणार नाही आणि कोणाला हसू देणार नाही."

"बायजाबाई, तुम्ही पुसा!"

बायजाबाई फडकं घेऊन पुढे झाली आणि थबकली. "हे काय लिवलं, बाई?"

"फया."

"फया? आपला फया? आपलं बोलनं लिवता बी येते?" जन्मभर फळे पुसत आलेल्या त्या बाईचा हात काही केल्या उचलेना.

हेडमास्तरांचा पारा चढला. "द्या इकडे!" म्हणत ते फडकं ओढायला गेले, पाय टाटपट्टीत अडकला आणि अख्खा पंजा खालच्या ओल्या भागावर थापकन बसला. काळा रस मनगटावरून थेट पांढऱ्या बाहीत शिरला.

"माय वं!" हेडमास्तर ओरडले. "ओला हाये ना फया!"

बायजाबाईनं पदर तोंडात कोंबला. प्रेमिलाबाईंनाही हसता आलं असतं, हक्कच होता. त्या हसल्या नाहीत. बादली आणली आणि त्यांच्या हातांवर पाणी घालू लागल्या.

महादेवराव बराच वेळ हात चोळत राहिले. नखांतलं काळं निघेना. "छड्या खाल्ल्या होत्या मी," ते खाली बघूनच म्हणाले, "याच शब्दापायी."

फडक्याला हात पुसून ते दाराकडे निघाले. बाई बादली ठेवून मागे धावल्या. "सर, वर्गाचं काय ठरलं?"

ते उंबऱ्यात थांबले, वळून फळ्यावरच्या दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"कायजी करू नका, बाई," ते म्हणाले. "पहिली तुमचीच."