एव्हरेस्टच्या खालची ओळ

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिणारे तळमजल्यावरचे काका कुणाचे लाड करत नाहीत. नगरसेवकांनी स्वतःचा वाढदिवस लिहायला सांगितला, तेव्हा म्हणाले, "जन्माला सगळेच येतात. पुढे काय केलंत?"

एव्हरेस्ट सर झालं त्याच तारखेला, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी आई पहिल्यांदा जिना चढली. लिफ्ट नेहमीसारखी बंदच होती. तिने माझाही हात झिडकारला. आमचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत काका खाली डस्टर धरून उभे होते.

संध्याकाळी फळ्यावर एव्हरेस्टच्या खाली ओळ दिसली : 'तिसऱ्या मजल्यावरच्या काकू घरी पोचल्या. शेर्पा न घेता.'

मी आभार मानायला गेले.

"आभार कसले? उद्या पुसायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एव्हरेस्ट पुसलं. आईची ओळ तशीच ठेवून नवा इतिहास उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बसवला होता.