गोष्टीतलं हसू, सिनेमातला काळोख

वाचनालयाचे काका मला कॉलेजपासून ओळखत होते, तरी अजून ‘पावणं’च म्हणायचे. त्यांनीच मला ती भयकथा वाचायला दिली होती. भुताच्या धास्तीनं एक माणूस दाराला आतून सात कड्या बसवतो आणि भूत आधीच घरात असतं. शेवट सांगताना काका गालातल्या गालात हसायचे.

पुढे त्या कथेवर सिनेमा निघाला. आम्ही दोघं बघायला गेलो. पडद्यावर सगळा काळोख, रिकामं घर आणि एकटा माणूस.

बाहेर चहा पिताना काका म्हणाले, “गोष्टीत नशीब त्याची थट्टा करतंय. हितं नुसता अंधार हाय. मजाच घालवली की.”

मला सिनेमाच आवडला होता. त्यावरून आम्ही कितीतरी वर्षं हौसेनं भांडलो.

गेल्या वर्षी काकू गेल्या. महिन्यानं मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काका मोबाईलवर तोच सिनेमा बघत होते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “पावणं, तुमचंच खरं हुतं. घर असंच दिसतंय.”

मी घाईघाईनं म्हणालो, “न्हाय काका, गोष्टच भारी हाय.”