गुरुजींची रिंगणं

नेरहून आलेल्या बसच्या कंडक्टरने बाभुळगावच्या स्टँडवर मला सांगितलं, "मास्तरीणबाई, तुमचे गुरुजी गेले." माझ्या तोंडून आधी निघालं, "सुटले बिचारे!" वर्षभर अर्धांगाने अंथरुणावर होते. ज्यांना वर्गातला गलका आवडायचा, त्यांचीच वाचा गेली होती. रडू नंतर आलं...

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी बंजारा तांड्यावरून नेरच्या शाळेत चौथीत आले. घरी आमची बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. मराठी कळायची, पण उत्तर द्यायला उभी राहिले की जीभ टाळ्याला चिकटायची. नापास झालीस तर बकऱ्या राखायच्या, असं बापूने बजावलेलं. गुरुजींनी गणितासाठी वर्गाचे गट पाडले, पण आधी ते स्वतःच साफ चुकले. तांड्याची पोरं एकीकडे, गावची दुसरीकडे. आम्ही आपसात गोरबोलीत झकास गणितं सोडवायचो, आणि गुरुजींनी विचारलं की सगळे मुके! दुसरा मास्तर खेकसला असता. गुरुजी स्वतःलाच हसले. "मीच कच्चा निंघालो लेकहो," म्हणाले, आणि सारवलेल्या जमिनीवर खडूने नवी रिंगणं आखली. प्रत्येक रिंगणात तांड्याची आणि गावची पोरं, गुडघ्याला गुडघा लावून. नियम एकच, "ज्याले सगळ्यात शेवटी समजन, तोच उत्तर सांगन."

माझ्या रिंगणात कारकुनांची कुमुद आली. हुशार, आणि तितकीच उतावळी. आता मला समजेपर्यंत तिची सुटका नव्हती! "कायले घाबरतं वो? मी काय वाघ आहो?" म्हणायची. भागाकार माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिने माझ्याकडूनच गोरबोलीतले आकडे शिकून घेतले आणि त्या आकड्यांत चिंचोके वाटून दाखवले. तोंडी परीक्षेला साहेब आले, त्यांनी नेमका आमच्याच रिंगणाला भागाकार विचारला. कुमुदचा हात वर जायला शिवशिवत होता. तिने तो मांडीखाली दाबून धरला. मी उत्तर दिलं. बरोबर निघालं! गुरुजींनी टोपी काढून कपाळ पुसलं. बकऱ्या माझ्यावाचून राहिल्या.

गुरुजी गेल्यावर महिनाभराने त्याच वर्गात शोकसभा झाली. तिथे आता फरशी आहे, बाकं आहेत, तरी आम्ही जुन्या पोरी नकळत खाली गोल करूनच बसलो. आमच्यातून कोण बोलणार, अशी कुजबुज सुरू झाली. मी मान खाली घातली. शेजारी कुमुद होती. तिने आपला हात मांडीखाली सारला आणि म्हणाली,

"ऊठ वो. आपल्या रिंगणाचं उत्तर तूच देतं."

मी उठले, आणि बोलता आलं.