भूपातली दोन बंद घरं

व्हायोलिनवर स्टिकर चिकटवून पोरांना स्वर दाखवणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. बोट कुठे टेकायचं हे कानानं शोधायचं असतं. डोळ्यांनीच बघायचं असेल तर पेटी घ्या ना बाबा, व्हायोलिन कशाला? जानेफळात माझ्या घराच्या मागच्या खोलीत सहा पोरं शिकायला येतात. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून बसतात. स्टिकर मिळणार नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला आणि तारांची गल्ली केली.

सा म्हणजे आपलं घर. पुढे हापशी, तो रे. मग पिठाची गिरणी, तो ग. गिरणीच्या भिंतीला भिंत लावून शिंपीणकाकू राहतात, तो म. रस्ता ओलांडून दुसऱ्या तारेवर गेलं की प म्हणजे मारुतीचं देऊळ, ध म्हणजे शाळा, आणि अगदी टोकाला, वरच्या सा ला खेटून, नि म्हणजे कंपाउंडर. ग आणि म इतके जवळ का, हे मला एकाही पोराला समजावावं लागलं नाही. भिंतीला भिंत आहे म्हटल्यावर विषय संपला.

मग भूप राग घेतला. भूपात म आणि नि लागत नाहीत. पोरांनी लगेच त्या दोन घरांना कुलूप ठोकलं आणि शिंपीणकाकू व कंपाउंडर शेगावला गेले असं जाहीर केलं. दोघं एकाच दिवशी काऊन गेले, या प्रश्नावर पंधरा मिनिटं नुसतं खिदळणं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसानंतर एकाचंही बोट चुकून म वर पडलं नाही.

त्यातली एक दहा वर्षांची. वडील वांगी आणि टमाटे लावतात. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं की पोरगी व्हायोलिनची परीक्षा पास झाली तर शिकेल, नाही तर ते बंद, तो वेळ अभ्यासाला. पोरीनंही ते ऐकलं होतं. महिनाभर ती इतकी वाजवत बसली की बोटांच्या टोकांना घट्टे पडले.

परीक्षा मेहकरला होती. परीक्षक मोठ्या शहरातून आलेले, इस्त्रीचा झब्बा, आवाज मऊ. मी दाराबाहेर उभी. पोरीनं भूप असा स्वच्छ वाजवला की माझे डोळे भरून आले. मग तोंडी परीक्षा सुरू झाली. त्यांनी विचारलं, या रागात वर्ज्य स्वर कोणते? हा शब्द मी वर्गात कधी उच्चारलाच नव्हता. पोरीनं भीत भीत अर्थ विचारला. जे रागात येत नाहीत ते, असं ते म्हणाले, आणि तिला एकदम हायसं वाटलं.

"शिंपीणकाकू आन् कंपाउंडर. ते दोघं शेगावले गेले, सर."

मग वादी स्वर विचारला, रागातला मुख्य स्वर असा त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला, तर म्हणाली, गिरणी, तिथं लोक जास्त वेळ थांबतात. आता सांगा, यात चूक काय आहे? भूपाचा वादी ग आहे आणि त्यावर जास्त थांबायचं असतं, हे पुस्तकातही असंच लिहिलेलं असतं. पण साहेबांनी पेन खाली ठेवलं.

परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्यानं आत जायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी गेले. त्यांना म्हटलं, चूक माझी आहे, मी शब्द शिकवले नाहीत. हवं तर तिला पुन्हा वाजवायला सांगा, एकदा जरी म लागला तर मीच तिला उठवून घरी नेते. ते शांतपणे म्हणाले की वादनात तिला चांगलेच गुण आहेत, पण तोंडीत वेगळं पास व्हावं लागतं, आणि शास्त्र म्हणजे पोरखेळ नव्हे. माझं डोकंच फिरलं.

"पोरखेळच आहे, आणि मी तो बंद करणार नाही," मी म्हणाले आणि पोरीचा हात धरून बाहेर आले.

पोरगी नापास झाली. निकालाच्या दिवशी मी तिच्या वडिलांच्या वावरात गेले. ते वांगी तोडत होते आणि ती पलीकडे क्रेट लावत होती. मान वर करून बघेना. येताना वाटभर भांडायची तयारी केली होती, पण तिला तसं बघून सगळं विसरले. कुठला शब्द तिला आला नाही आणि तो का आला नाही, ते तेवढं सांगितलं. मीच शिकवला नव्हता, दादा, असं दोनदा म्हटलं.

त्यांनी हातातली वांगी क्रेटमध्ये ठेवली आणि लेकीकडे बघितलं.

"वाजवाले चुकली का ते?"

नाही, म्हटलं. एकदाही नाही.

"मंग नापास तुमी झाल्या, मॅडम," ते म्हणाले. "माह्या पोरीले घरी काऊन बसवू?"